पुण्यातली पहिली नोकरी, हातात २८ हजार: खर्चाची मांडणी महिन्याची नको, वर्षाची करा

नोकरीसाठी पहिल्यांदा शहरात आलेल्या मुलामुलींना सल्ला मिळतो तो बहुधा बाहेरचा चहा, वडापाव आणि सिनेमा कमी करण्याचा. हिशेब मांडून पाहिला तर पैसे तिथे फारसे अडकलेले नसतात. गणपतीला गावी जायचं तिकीट, दिवाळीची खरेदी, मे महिन्यातली चार लग्नं, गाडीचा विमा, अकरा महिन्यांनी घर बदलताना लागणारी दलाली आणि टेम्पो, हे खर्च घडी बसलेलं बजेट मोडतात. येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण महिन्याच्या हिशेबात त्यांना जागाच नसते. मग ते आले की बचत मोडते, नाहीतर क्रेडिट कार्ड बाहेर निघतं. म्हणून इथे सुरुवात वर्षाच्या यादीपासून केली आहे.

उदाहरणासाठी पुण्यात ३ लाख ९० हजारांच्या पॅकेजवर लागलेला, तिघांत फ्लॅट घेऊन राहणारा आणि घरी थोडे पैसे पाठवणारा माणूस घेऊ. तुमचे आकडे वेगळे असतील. मांडायची पद्धत तीच.

पहिली पायरी: हातात नेमकं किती येतं

३ लाख ९० हजार भागिले १२ म्हणजे ३२,५००, असं धरून घर बघायला निघालात तर पहिल्याच महिन्यात फसाल. पॅकेजमध्ये कंपनीने भरायचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीची (ठरावीक सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची) तरतूदही मोजलेली असते. सॅलरी स्लिप साधारण अशी दिसेल: बेसिक १५,००० आणि भत्ते धरून एकूण पगार ३०,०००. त्यातून बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे १,८०० पीएफ जातो. व्यवसाय कर २०० जातो. हातात उरतात २८,०००. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापतात, म्हणजे महाराष्ट्रात वर्षाचा व्यवसाय कर २,५०० होतो. महिलांना महिना २५,००० पगारापर्यंत हा कर माफ आहे. तरीही कापला जात असेल तर एचआरला विचारा.

पीएफमध्ये कंपनीही १,८०० भरते. त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि ५५० तुमच्या पीएफ खात्यात. म्हणजे काहीही न करता खात्यात दरमहा २,३५० जमा होतात, वर्षाला २८,२००. त्यावर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज मिळालं. पहिल्या महिन्यातच यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) सुरू करून घ्या, आधारवरचं आणि पीएफमधलं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का बघा आणि नॉमिनी भरा. नोकरी बदलताना ही रक्कम काढू नका, नव्या कंपनीकडे वळवा. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी काढलेला पीएफ करपात्र ठरतो, पण त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे: हातात आलेले ते ४०-५० हजार मोबाइलमध्ये किंवा सहलीत जातात आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात होते.

दुसरी पायरी: वर्षाची यादी

एका कागदावर जूनपासून मेपर्यंत बारा महिने लिहा. प्रत्येक महिन्यासमोर त्या महिन्यात नेहमीपेक्षा वेगळं काय येतं ते टाका. आईला फोन लावून विचारलंत तर अर्धी यादी तिथेच होईल: कुणाचं लग्न, कुठली जत्रा, कुणाचं बारसं. आपल्या उदाहरणातली यादी अशी:

- गावी जाण्यायेण्याच्या चार फेऱ्या: ६,०००
- दिवाळी, म्हणजे कपडे, घरच्यांना भेटी, फराळाचं सामान: ८,०००
- लग्नकार्यं, आहेर: ५,०००
- दुचाकीचा विमा, पीयूसी, सर्व्हिसिंग, एखादा टायर: ६,०००
- मोबाइलचा वर्षाचा रिचार्ज: ३,६००
- स्वतःचा आरोग्य विमा: ७,०००
- घर बदलणं, म्हणजे दलालीतला वाटा, टेम्पो, करारनोंदणी: ६,०००
- कपडे, चपला, चष्मा, दाताचा डॉक्टर: ६,४००

बेरीज ४८,०००, म्हणजे महिन्याला ४,०००. पगार झाला की हे ४,००० भाड्याइतक्याच ठामपणे बाजूला निघाले पाहिजेत. ते बचत नाहीत, उशिरा होणारा खर्च आहेत. या रकमेला बचत समजण्याची चूक फार होते. दिवाळीत पैसे संपले की ‘माझ्याकडून बचत होतच नाही’ असं वाटतं आणि माणूस सगळंच सोडून देतो.

पहिल्या वर्षी एक अडचण हमखास येते. जूनमध्ये नोकरी लागली, ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळी. तोवर ४,००० प्रमाणे पुरेसे पैसे साठलेले नसतात. यावर उपाय असा: पहिले तीन महिने बचतीचे ३,००० (ते कुठून येतात हे तिसऱ्या पायरीत आहे) सुद्धा याच डब्यात, म्हणजे वर्षाच्या यादीच्या पैशात, टाका. तीन महिन्यांत २१,००० होतील आणि पहिला सणवार उसनवारीशिवाय पार पडेल. चौथ्या महिन्यापासून बचत वेगळी सुरू करा.

सणाच्या तिकिटातही बरेच पैसे वाचतात, तारीख मात्र पाळावी लागते. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. दिवाळीची तारीख कॅलेंडरवर बघून त्याच्या ६० दिवस आधीचा दिवस आजच मोबाइलमध्ये टाकून ठेवा. शेवटच्या आठवड्यात ट्रॅव्हल्सचे दर दुप्पट होतात. मुलींना एसटीत मार्च २०२३ पासून ५० टक्के सवलत आहे, ती धरली तर वरच्या यादीतली पहिली ओळ बरीच खाली येईल.

तिसरी पायरी: महिन्याचे ठरलेले खर्च

भाड्यातला वाटा ७,०००. मेस किंवा डबा ३,६००. नाश्ता, चहा, दूध, फळं १,८००. वीज, गॅस, इंटरनेट आणि कामाच्या मावशींचा पगार यांतला वाटा १,०००. पेट्रोल किंवा बस १,६००. घरी पाठवायचे ३,०००. बेरीज १८,०००.

वर्षाच्या यादीचे ४,००० आणि बचतीचे ३,००० मिळवले की २५,००० झाले. उरलेले ३,००० हातखर्चाचे, म्हणजे आठवड्याला ७००.

यातला सगळ्यात जड आकडा भाड्याचा. तो एकदा ठरला की अकरा महिने हलत नाही, म्हणून खरी काटकसर घर घेतानाच करायची असते. भाडं हातातल्या पगाराच्या पाव भागाच्या आसपास ठेवा. ऑफिसपासून लांबचं घर हजार रुपयांनी स्वस्त मिळत असेल तर रोजच्या जादा किलोमीटरचं पेट्रोल मांडून बघा. रोज २० किलोमीटर जास्त, महिन्याला २५ दिवस आणि गाडी लिटरला ५० देत असेल तर १० लिटर पेट्रोल जातं. वाचलेला हजार तिथेच संपला, शिवाय रोजचा तासभर गेला.

डिपॉझिट द्यायच्या आधी करारनामा पूर्ण वाचा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी बंधनकारक आहे आणि कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची आहे. घर सोडताना रंगकामाचे पैसे कापणार का, लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही) किती महिन्यांचा, नोटीस किती दिवसांची, या तीन ओळी शोधा. राहायला जायच्या दिवशी भिंती, नळ, पंखे आणि वीज मीटरच्या आकड्याचे फोटो काढून मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा. डिपॉझिट परत मिळताना होणारे निम्मे वाद याने टळतात. डिपॉझिट बँकेतून द्या, रोख नको. तिघांत घर असेल तर कोणी किती दिले हेही लिहून ठेवा. मधेच एक जण सोडून गेला तर नवा येणारा त्याला परस्पर पैसे देणार की कसं, हे आधीच बोललेलं बरं.

चौथी पायरी: खाती आणि तारखा

एकाच खात्यात सगळे पैसे ठेवले तर २० तारखेला शिल्लक १२,००० दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. त्यातले ८,००० दिवाळीचे आहेत हे खातं सांगत नाही. म्हणून दोन खाती हवीत.

पगाराच्या खात्यातून भाडं, डबा, घरी पाठवायचे पैसे आणि हप्ते जातील. दुसरं खातं दुसऱ्या बँकेत उघडा. त्याला यूपीआय जोडू नका आणि डेबिट कार्ड घरातल्या कपाटात ठेवा. वर्षाच्या यादीचे ४,००० तिथे जातील. किमान शिल्लक किती लागते ते उघडतानाच विचारा, नाहीतर दंडच लागत राहील. आठवड्याच्या ७०० साठी यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआय ॲपमधलं छोटं पाकीट, वापरा. दर सोमवारी त्यात ७०० भरायचे, संपले की पुढच्या सोमवारपर्यंत थांबायचं. त्यात जास्तीत जास्त ५,००० ठेवता येतात आणि एका वेळी १,००० पर्यंत देता येतात. शिल्लक कमी झाली की आपोआप भरण्याची सोय मात्र बंद ठेवा, नाहीतर सोमवारचा सगळा बेत व्यर्थ. शिवाय लाइटला पिन लागत नाही, त्यामुळे फोन हरवला तर आतले पैसे जाऊ शकतात. तिथे आठवड्यापुरतेच ठेवायचं हेही एक कारण.

आता तारखा. पगार १ तारखेला होतो असं कंपनी म्हणते, पण सुट्टी आली किंवा फाइल अडकली की तो ३ किंवा ४ तारखेला पडतो. आरडी (बँकेत दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव), एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरलेली गुंतवणूक), विम्याचा हप्ता यांची तारीख नेहमीच्या पगाराच्या दिवसापेक्षा चार-पाच दिवस पुढची निवडा. शिल्लक नसल्यामुळे हप्ता परत गेला तर बँक दंड लावते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. कर्जाचा हप्ता असेल तर कर्ज देणारी संस्थाही वेगळा दंड लावते आणि सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग राहतो. पण तारीख फार पुढचीही नको. १५ तारखेला बचत करायची ठरवली तर तोवर काही उरलेलं नसतं.

यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ नावाचा भाग असतो. तो एकदा उघडून बघा. फुकट महिना म्हणून चालू केलेलं एखादं ॲप तिथे दरमहा १४९ किंवा २९९ कापत असतं. नको ते तिथूनच रद्द करता येतं. असे पैसे कापण्याआधी २४ तास सूचना यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ते मेसेज न वाचता पुसू नका.

पाचवी पायरी: खर्च लिहायचा, पण चारच रकान्यांत

पंचवीस रकान्यांची एक्सेल शीट दहा दिवसांत बंद पडते. घर, खाणं, प्रवास आणि इतर, एवढं पुरे. रोज लिहायची गरज नाही. रविवारी यूपीआयची यादी उघडून दहा मिनिटांत भरा. रोख दिलेलं मात्र त्याच दिवशी लिहा, ते आठवत नाही. ‘इतर’चा रकाना हातखर्चाच्या ३,००० च्या वर गेला तरच तो फोडून बघा. बहुतेकदा आत ऑनलाइन मागवलेलं जेवण सापडतं, आणि तेही महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातलं, मेसला सुट्टी असलेल्या रविवारच्या रात्रीचं. तिथे उपाय सोपा आहे: घरात पोहे, अंडी, खिचडीचं सामान ठेवा आणि रविवारची रात्र रूममेटबरोबर वाटून घ्या.

सहावी पायरी: बचतीचे ३,००० कुठे ठेवायचे

पहिलं काम आणीबाणीच्या पैशाचं. महिन्याचे १८,००० गुणिले तीन, म्हणजे ५४,०००. दरमहा ३,००० टाकले तर हे व्हायला १८ महिने लागतात. तेवढा काळ शेअर बाजार, सोनं, कुणाची ‘स्कीम’ याकडे वळू नका. नोकरी अचानक गेली किंवा वडिलांना दवाखान्यात हलवावं लागलं तर हेच पैसे कामाला येतील, आणि त्या दिवशी बाजार वर आहे की खाली हे बघायला वेळ नसतो.

बँकेत आरडी करा. मुदत संपली की त्याची एफडी (मुदत ठेव) करताना एकच मोठी न करता तीन-चार तुकडे करा. १२ हजारांची गरज पडली तर एकच तुकडा मोडतो, बाकीच्यांचं व्याज शाबूत राहतं. मुदतीआधी मोडलेल्या एफडीवर बँका साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कमी देतात. त्याची फार काळजी नको.

जास्त व्याज देते म्हणून गावातल्या पतसंस्थेत ठेवायचा आग्रह घरून होईल. इथे स्पष्ट सांगायला हवं. बँकेत, सहकारी बँकेतसुद्धा, एका ठेवीदाराचे एका बँकेतले ५ लाखांपर्यंतचे पैसे ठेव विम्याखाली येतात. पतसंस्थेला हा विमा लागू नाही. आणि विमा असला तरी पैसे हातात यायला वेळ लागतो: सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. आणीबाणीचा पैसा एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी अशा ठिकाणी ठेवण्यात अर्थ नाही.

ऑफिसातली भिशी? दहा जण, २,०००, महिन्याला एकाला २०,०००. शिस्त लागते हे खरं, पण लेखी काही नसतं आणि आधी उचललेला माणूस नोकरी सोडून गेला तर मागे राहिलेल्यांचे पैसे बुडतात. आणीबाणीचा पैसा तिथे अजिबात नको. हातखर्चातून भरणं जमत असेल आणि प्रत्येकाचं घर माहीत असेल तरच भाग घ्या.

५४,००० झाले की मग पीपीएफ (सरकारी भविष्य निर्वाह योजना) किंवा इंडेक्स फंडाची (शेअर निर्देशांकाप्रमाणे पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडाची) एसआयपी. पीपीएफ १५ वर्षांचा असतो, वर्षाला किमान ५०० भरावे लागतात आणि महिन्याच्या ५ तारखेपर्यंत जमा झालेल्या रकमेवरच त्या महिन्याचं व्याज मिळतं. फंड घेताना ‘डायरेक्ट’ प्लॅन घ्या, त्यात मध्यस्थाचं कमिशन नसतं. फ्युचर-ऑप्शनकडे (शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांकडे) फिरकू नका. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार तीन वर्षांत त्यात उतरलेल्या दर १०० वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जणांनी पैसे घालवले.

कुठे घसरतं

जानेवारी ते मार्चमध्ये ओळखीतले कुणीतरी काका पॉलिसी घेऊन येतात: ‘टॅक्स वाचेल.’ वर्षाला ३ लाख ६० हजार पगारावर वाचवायला टॅक्सच नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, पगारदारांना त्यावर ७५,००० ची प्रमाणित वजावटही आहे. आणि त्या प्रणालीत विम्याच्या हप्त्याची ८०सी वजावट (जुन्या प्रणालीतली करसवलत) मिळतच नाही. भिडेखातर सही झालीच असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. घर तुमच्या पगारावर चालत असेल तर साधा टर्म विमा (फक्त मृत्यू झाल्यास घरच्यांना रक्कम देणारा) घ्या. तेवढंही जमत नसेल तर बँकेतून मिळणाऱ्या प्रधानमंत्री जीवन ज्योती (वर्षाला ४३६) आणि सुरक्षा विमा (वर्षाला २०) या दोन योजना आजच सुरू करा. दोन्हीत संरक्षण २-२ लाखांचं आहे. पहिलीत कुठल्याही कारणाने मृत्यू झाल्यास, दुसरीत अपघातासाठी. हप्ता मेअखेरीस कापतात, तेव्हा खात्यात शिल्लक ठेवा.

आरोग्य विमा कंपनी देते, मग स्वतःचा कशाला, असा प्रश्न येतो. कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो आणि दोन नोकऱ्यांमधल्या महिन्यात तुम्ही उघडे पडता. आईवडिलांसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ठरावीक उपचारांसाठी, योजनेशी जोडलेल्या (अंगीकृत) रुग्णालयांत, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. त्यांच्या रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते या सुट्टीत गावी गेलात की बघा. दवाखान्याच्या दारात हे दुरुस्त होत नाही.

क्रेडिट कार्ड पूर्ण बिल भरणाऱ्यासाठी ठीक. ‘किमान देय रक्कम’ भरणाऱ्यासाठी ते बाजारातल्या सगळ्यात महाग कर्जांपैकी एक आहे. २०,००० च्या बिलावर १,००० भरले, महिन्याला ३.५ टक्के व्याज धरलं तर उरलेल्या १९,००० वर ६६५ आणि त्यावर जीएसटी १२० चढतो. भरलेल्या हजारातले ७८५ पुन्हा कर्जातच जमा झाले. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. असं झालं असेल तर बचतीचे ३,००० आधी तिथे वळवा. ७ टक्क्यांची आरडी चालू ठेवून ४० टक्क्यांचं कर्ज बाळगण्यात तोटाच आहे.

मोबाइलचा ‘नो कॉस्ट’ (बिनव्याजी म्हणवला जाणारा) हप्ता घेताना प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी विचारा, आणि रोख घेतला तर काय सूट मिळते तेही. ३०,००० चा फोन बारा महिन्यांवर म्हणजे २,५०० महिना. ३,००० ची बचत जवळपास पूर्ण गेली.

झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचं व्याज मेसेजमध्ये लहान दिसतं. १०,००० च्या कर्जात शुल्क कापून हातात ८,२०० आले आणि ३० दिवसांनी १०,३०० भरायचे, तर महिन्याला २५ टक्क्यांहून जास्त पडले. वार्षिक दर लिहिलेलं माहितीपत्रक देणं कर्जदात्याला बंधनकारक आहे; ते न देता फोनमधल्या संपर्कांची परवानगी मागणारं ॲप लगेच काढून टाका. फसवणुकीत पैसे गेलेच तर १९३० वर तत्काळ फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

मित्राला उसने द्यायचे असतील तर हातखर्चातून, आणि परत आले नाहीत तरी चालतील इतकेच. दिवाळीच्या डब्याला हात लावायचा नाही.

पगारवाढ झाली की ती हातात येण्याआधी आरडीचा आकडा वाढवा. ३,००० ची वाढ असेल तर १,५०० तिकडे, ५०० वर्षाच्या यादीत, कारण पुढच्या वर्षी भाडं आणि आहेर दोन्ही वाढलेले असतात. उरलेले १,००० खुशाल खर्च करा. जूनमध्ये नवा कागद घेऊन बारा महिन्यांची यादी पुन्हा लिहा आणि गेल्या वर्षी कुठल्या ओळीत किती कमी पडले ते जुन्या यादीवरून त्याच ओळीत भरा.